कोंगोन्यासचे बारा संदेष्टे आणि त्यांचा शिल्पकार

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात कोंगोन्यास नावाचे एक गाव आहे. तेथील टेकडीवर बों जेझूस दे मातोझिन्योस ह्या नावाचे तीर्थमंदिर उभे आहे आणि मंदिरासमोरच्या दगडी जिन्याच्या कठड्यांवर जुन्या करारातील बारा संदेष्टे उघड्या आकाशाखाली उभे आहेत. १८०० ते १८०५ ह्या पाच-सहा वर्षांत ते घडविले गेले. ज्याच्या नावावर ते मोडतात तो अंतोनियो फ्रान्सिस्को लिझबोआ एका आफ्रिकन गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मला होता, आणि जगाला तो ठाऊक आहे तो त्याच्या टोपणनावाने : आलेइजादिन्यो. ह्या शब्दाचा अर्थ 'छोटा पांगळा'. आपल्याकडील 'पांगुळ' ह्या शब्दात जशी थोडी कीव, थोडी जवळीक आणि थोडी हेटाळणी एकत्र नांदते, तशीच ती ह्या पोर्तुगीज शब्दातही आहे.

वाचकांना आरंभीच सांगून टाकतो की, मी कोंगोन्यासला गेलेलो नाही. छायाचित्रांच्या ग्रंथांतून आणि अभ्यासकांच्या लेखनातून झालेली ही ओळख आहे. शिल्पाभोवती फिरून पाहिल्याशिवाय शिल्प कळत नाही हे मलाही मान्य आहे. तरीही हा लेख लिहिण्याचे धाडस करतो आहे, त्याला कारण एक जुनी चूक आहे.

ती चूक माझी स्वतःची. उपवासकाळातील प्रवचनांत मी अनेक वर्षे आलेइजादिन्योची गोष्ट सांगत आलो. ती अशी : ऐन उमेदीत ह्या कलावंताला भयंकर रोग जडला. पायाची बोटे झडली, म्हणून तो गुडघ्यांवर चालू लागला. हाताची बोटे वाकडी झाली, गळून पडली. वेदना असह्य झाल्या तेव्हा त्याने स्वतःच छिन्नीने काही बोटे तोडून टाकली. मग उरलेल्या हातांना हातोडी आणि छिन्नी बांधून घेऊन त्याने ख्रिस्ताचे दुःखसहन लाकडात कोरले आणि संदेष्टे दगडात घडविले. लोकांनी आपला चेहरा पाहू नये म्हणून तो पहाटेच्या अंधारात कामावर जाई आणि रात्री परते. चर्चमध्ये ही गोष्ट सांगितली की शांतता पसरे. एका वर्षी मिस्सेनंतर धर्मग्रामातील एक वयस्क सुतार मला भेटला. आयुष्यभर त्याने लाकूडकामच केले होते. तो म्हणाला, "फादर, मनगटाला हत्यार बांधलं तर तासकाम होईल, जाडंभरडं होईल. नाकाडोळ्यांची कलाकुसर नाही व्हायची. मग बाकीचं कोणी केलं?"

मी त्याला काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते हे दोघांनाही कळले. त्यानंतर मी ही गोष्ट आली कोठून ह्याचा शोध घेऊ लागलो.

ती आली आहे १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चरित्रलेखातून. रोद्रिगो जोझे फेरेइरा ब्रेतास ह्या गृहस्थांनी मिनासच्या सरकारी वृत्तपत्रात तो लिहिला. शिल्पकाराच्या मृत्यूला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती. ब्रेतास ह्यांचा मुख्य आधार होता शिल्पकाराची सून. तिने अखेरच्या दिवसांत त्याची शुश्रूषा केली होती. म्हणजे ही आठवण एका वृद्ध स्त्रीची आणि ती शब्दबद्ध झाली रोमँटिक वाङ्मयाच्या बहराच्या काळात, जेव्हा व्हिक्टर ह्यूगोच्या कुबड्या घंटावाल्याने युरोपच्या वाचकांना वेड लावून पंचवीसेक वर्षे लोटली होती. कुरूप देह आणि त्यात दडलेला सुंदर आत्मा ही त्या युगाची लाडकी कल्पना. ब्रेतास ह्यांनी सारे रचून सांगितले असे मी म्हणत नाही. परंतु त्यांच्या लेखणीला एक वळण होते आणि ते वळण आपण तपासून घेतलेले नाही. ग्वियोमार दे ग्रामों ह्या ब्राझिलियन लेखिकेने २००८ साली एक आख्खे पुस्तक लिहून हेच दाखवून दिले, की 'आलेइजादिन्यो' ही व्यक्तिरेखा बऱ्याच अंशी नंतरच्या लेखकांनी उभी केलेली आहे. पुस्तकाचा सूर मला कोठे कोठे अतिरेकी वाटतो, पण मूळ मुद्दा खोडून काढणे कठीण आहे.

मग खात्रीने काय उरते? त्याच्या हातच्या पावत्या उरतात, बंधुसंघांच्या खर्चाच्या वह्या उरतात, आणि धर्मग्रामाची नोंदवही.

पिता मानुएल फ्रान्सिस्को लिझबोआ पोर्तुगालहून सोन्याच्या प्रदेशात आलेला कुशल सुतार आणि बांधकामाचा मेस्त्री होता. आई इझाबेल ही आफ्रिकन गुलाम. बाप्तिस्म्याच्या वेळी पित्याने मुलाला गुलामीतून मुक्त केले, असे परंपरा सांगते. जन्मवर्षाबद्दल वाद आहे : ब्रेतास १७३० देतात, तर मृत्यूच्या नोंदीतील वय धरले तर १७३८ निघते. आपल्या वसईच्या वाचकांना ही वर्षे परकी वाटू नयेत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तोपर्यंत आपले पूर्वज आणि व्हिला रिकाचे ते मिश्रवर्णी बालक एकाच पोर्तुगीज राजमुकुटाच्या छत्राखाली होते.

व्हिला रिका, म्हणजे 'श्रीमंत नगर'. आजचे त्याचे नाव ओरो प्रेतो, 'काळे सोने'. डोंगरातून सोने निघत होते आणि ते काढत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. राजाचा वाटा एक पंचमांश. ह्या प्रदेशात धर्मसंघांनी मठ स्थापू नयेत असा राजाचा हुकूम होता. संन्याशांच्या झग्याआडून सोने चोरट्या मार्गाने बाहेर जाते असा सरकारला संशय. परिणामी तेथे येशूसंघीयांची वा फ्रान्सिस्कनांची भव्य मठमंदिरे नाहीत. चर्चेस बांधली ती प्रापंचिकांच्या बंधुसंघांनी. गोव्यात आणि वसईत ज्या कोंफ्रारिया होत्या, त्याच जातीच्या ह्या संस्था. परंतु येथे त्यांची विभागणी कातडीच्या रंगावर झाली होती. गोऱ्यांचे फ्रान्सिस्कन आणि कार्मेली तृतीय संघ, काळ्यांचा जपमाळेच्या राणीचा बंधुसंघ, मिश्रवर्णीयांचा संत जोसेफचा. प्रत्येक संघाची स्वतंत्र वेदी, स्वतंत्र मिरवणूक, आणि कोणाचे चर्च अधिक देखणे ह्याची चढाओढ. ह्या चढाओढीतून मिनासची सारी कला जन्मली, हे एका धर्मगुरूला लिहिताना संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

आलेइजादिन्योचे पहिले मोठे काम ओरो प्रेतोच्या संत फ्रान्सिस असिसीकरांच्या चर्चवर आहे. ह्या चर्चची बांधणी १७६६ मध्ये सुरू झाली. गोलाकार मनोरे मागे सरकलेले, दर्शनी भिंत किंचित पुढे फुगलेली, आणि दारावर संगजिऱ्याच्या जातीच्या निळसर-राखी दगडात कोरलेली महिरप. त्या दगडाला तेथे 'साबणी दगड' म्हणतात. खाणीतून काढल्यावर तो इतका मऊ असतो की नखाने ओरखडा उठतो. त्या भागातील बाया त्याच दगडाची भांडी चुलीवर चढवतात. दरबारात मिरवणारा संगमरवर नाही, स्वयंपाकघरातला दगड. दारावरच्या वर्तुळात, जेथे एरवी खिडकी असते, तेथे संत फ्रान्सिस गुडघे टेकून पंचक्षते स्वीकारीत आहेत. आत व्यासपीठांवरचे कोरीवकाम त्याचेच. छत रंगविले आहे मानुएल दा कोस्ता आताईद ह्याने, आणि ढगांत बसलेली त्याची पवित्र मरिया सावळ्या वर्णाची आहे.

पंचक्षतांच्या त्या शिल्पापाशी उपदेशकाला मोह पडतो. ज्याचे स्वतःचे हात पुढे रोगाने विद्ध व्हायचे होते, त्याने संताचे विद्ध हात कोरले! हे वाक्य मी स्वतः प्रवचनात म्हटले आहे. परंतु ते काम १७७४ च्या सुमाराचे आहे आणि रोगाची सुरुवात ब्रेतास ह्यांच्याच म्हणण्याप्रमाणे १७७७ नंतरची. त्यावेळी शिल्पकार धडधाकट होता आणि खाण्यापिण्याचा, नाचण्याचा शौकीन होता. त्या शिल्पाचे सामर्थ्य त्याच्या पुढच्या आजारातून आलेले नाही. ते त्याच्या तयारीतून आले : पित्याच्या आणि चुलत्याच्या कारखान्यात घालविलेल्या वर्षांतून. आणि जी खरोखर विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती मी कधीच सांगितली नाही : ज्या तृतीय संघासाठी त्याने हे मंदिर सजविले, त्या संघात मिश्रवर्णीय म्हणून त्याला प्रवेश नव्हता. त्याचे सभासदत्व होते संत जोसेफच्या बंधुसंघात. ज्या संताने कुष्ठरोग्याला मिठी मारली, त्या संताच्या मंदिराचे दार त्याने कोरले, पण मंदिर बांधणाऱ्यांच्या बैठकीत त्याला बसता येत नव्हते.

आता कोंगोन्यास. फेलिसियानो मेंदेस नावाच्या एका पोर्तुगीज खाणकामगाराने दुखण्यातून उठल्यावर १७५७ मध्ये नवस केला आणि क्रूस व दानपेटी घेऊन गावोगाव भिक्षा मागून ह्या तीर्थमंदिराचा आरंभ केला. १७६५ मध्ये तो वारला. काम पुढे चालू राहिले. १७९६ मध्ये आलेइजादिन्योला तेथे बोलावणे आले. १७९९ पर्यंत त्याने आणि त्याच्या कारागिरांनी देवदाराच्या लाकडात दुःखसहनाच्या साठाहून अधिक मानवाकृती तयार केल्या. त्या आज टेकडी चढताना लागणाऱ्या सहा छोट्या मंदिरांत मांडलेल्या आहेत.

ह्या मूर्तींची गुणवत्ता एकसारखी नाही, आणि हे सांगताना मला बिचकण्याचे कारण दिसत नाही. ख्रिस्ताच्या मूर्ती अप्रतिम आहेत : बदामी डोळे, दुभंगलेली दाढी, कपाळावरच्या शिरा, आणि ओठांवर शब्द उमटण्यापूर्वीचा क्षण. रोमन शिपाई मात्र लाकडी बाहुल्यांसारखे ताठ. फुगीर नाके, एकाच साच्यातली तोंडे. काही समीक्षकांनी हा शिल्पकाराचा मुद्दाम केलेला उपहास मानला आहे : दुष्टांना त्याने कुरूप केले! मला हे पटत नाही. ख्रिस्त उस्तादाने कोरला आणि शिपाई शिकाऊंनी, ही साधी कारखान्याची रीत आहे. हिशेबाच्या वहीतही पैसे मिळाल्याची नोंद 'अंतोनियो फ्रान्सिस्को लिझबोआ आणि त्याचे कारागीर' अशीच आहे.

एका देखाव्यापाशी मात्र थांबायला हवे. गेथसेमनी बागेतील अटकेचा तो प्रसंग. पेत्राने तलवार उपसली आहे, मल्ख जमिनीवर कोसळला आहे आणि ख्रिस्त त्याचा कान बरा करण्यासाठी हात पुढे करतो आहे. हा मल्ख कोण, हे संत योहान एका शब्दात सांगतो : प्रमुख याजकाचा दास. मरणापूर्वी प्रभूने केलेला शेवटचा रोगनिवारणाचा चमत्कार एका गुलामासाठी होता. बोधपीठात असताना आम्ही हा उतारा मूळ ग्रीकमधून शिकलो, त्यावर टिपणेही लिहिली. पण दास ह्या शब्दावर आमच्यापैकी कोणाची नजर अडखळल्याचे आठवत नाही. गुलाम आईच्या मुलाची ती अडखळली असेल का? त्याने बायबल नेमाने वाचले असे ब्रेतास सांगतात. ह्यापलीकडे पुरावा नाही, म्हणून मीही पलीकडे जात नाही. पण त्या देखाव्यात उगारलेल्या तलवारीपेक्षा तो पुढे केलेला हात लक्षात राहतो, एवढे म्हणता येईल.

आणि ते बारा संदेष्टे. यशया व यिर्मया पायथ्याशी स्वागताला. मग बारूख, यहेज्केल, दानिएल, होशेय. वरच्या बाजूस योएल, योना, आमोस, ओबद्या, नहूम, हबक्कूक. बारूख हा स्वतंत्र ग्रंथ म्हणून कॅथोलिक बायबलात आहे. बारा लघुसंदेष्ट्यांपैकी पाच गाळून ही जुळणी केलेली आहे. प्रत्येकाच्या हाती लॅटिन वचनांची गुंडाळी. डोक्यावर फेटे, अंगावर बुट्टीदार काठांचे झगे : युरोपातून आलेल्या छापील चित्रांवरून उचललेला हा 'पौर्वात्य' पोशाख. आमोस तेवढा मेंढपाळाच्या साध्या कातडी अंगरख्यात आहे.

जवळून पाहिले तर दोष दिसतात. यशयाचे हात धडाच्या मानाने आखूड आहेत. काहींचे खांदे अरुंद, काहींची बोटे जाडजूड. परंतु ह्या मूर्ती दालनात ठेवण्यासाठी घडविलेल्या नाहीत. त्या खालून, चढता चढता, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहायच्या आहेत. यात्रेकरूच्या पावलागणिक एकाचा उंचावलेला हात दुसऱ्याच्या झुकलेल्या मस्तकाला जाऊन मिळतो, एकजण झाकला जातो, दुसरा प्रकट होतो. बारा माणसांत वाद चालला आहे आणि आपण मध्येच येऊन पोहोचलो आहोत असे वाटते. रिचर्ड बर्टन हा इंग्रज प्रवासी १८६७ मध्ये तेथे गेला होता. हा तोच बर्टन, जो तरुणपणी मुंबई इलाख्याच्या फौजेत होता, मराठीची परीक्षा उतरला होता आणि गोव्यावर पुस्तक लिहून गेला होता. ह्या मूर्ती दुरून बऱ्या दिसतात, पण पोर्तुगालमधील ब्रागाच्या पायऱ्यांची सर ह्यांना नाही, असा त्याचा अभिप्राय. बर्टनसाहेबांना बऱ्याच गोष्टी दुरूनच बऱ्या दिसत असत. ब्रागाचा जिना हा नमुना होता हे खरे. पण ब्रागाला बागेची शोभा आहे. कोंगोन्यासला धमकी आहे.

माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ दानिएल. तो आणि त्याच्या पायाशी लगटलेला सिंह एकाच शिळेतून निघाले आहेत, आणि लूव्र संग्रहालयातील फ्रेंच कलापंडित जेर्में बाझें, ज्यांनी १९६३ मध्ये आलेइजादिन्योवर मोठा ग्रंथ लिहिला, तेही ही मूर्ती निखालस उस्तादाच्या हातची मानतात. शिल्पकाराने सिंह कधी पाहिला नव्हता. त्याच्या सिंहाची आयाळ विगासारखी आहे आणि तोंड काहीसे माणसाचे. पण दानिएल सिंहाकडे पाहतच नाही. दाढी न फुटलेला तो तरुण मान वळवून दूर पाहतो आहे. भीती संपून बराच वेळ झाला आहे असा तो चेहरा आहे.

ह्या बारांमध्ये काहींनी राजकीय गुपितही वाचले आहे. १७८९ मध्ये व्हिला रिकात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट झाला, तो फुटला, आणि २१ एप्रिल १७९२ रोजी तिरादेन्तेस ह्या त्यातील नायकाला रिओमध्ये फाशी देण्यात आले. संदेष्टे म्हणजे ते बंडवाले, अशी ही उपपत्ती. कागदाचा आधार शून्य. तिच्या आधी, १९२० नंतरच्या दशकात, मारियो दे आंद्रादे आणि त्यांच्या नवसाहित्यिक मित्रांनी ह्या मिश्रवर्णीय शिल्पकारात ब्राझीलच्या राष्ट्रीय प्रतिभेचा पूर्वज शोधला होता. ब्रेतासना दुःखी प्रतिभावंत हवा होता, नवसाहित्यिकांना राष्ट्रपुरुष, इतरांना क्रांतिकारक. मला उपवासकाळासाठी दृष्टान्त हवा होता. तो सर्वांना मिळाला. डॉक्टरांनीही आपापला आलेइजादिन्यो घडविला : कोणी महारोग म्हणतो, कोणी उपदंश, कोणी संधिवात, कोणी पॉर्फिरिया.

ह्या सर्व गर्दीत सुताराचा प्रश्न तसाच राहतो. बाकीचे कोणी केले?

ब्रेतास ह्यांच्या लेखात उत्तर आहे. मी ते वाचूनही वाचले नव्हते. आलेइजादिन्योचे तीन गुलाम होते. आगोस्तिन्यो कोरीवकामात मदत करी. जानुआरियो गाढव हाकी. मालकाचे कुरूप रूप पाहून त्याने वस्तऱ्याने जीव देण्याचा प्रयत्न केला होता असे ब्रेतास लिहितात. तिसरा मावरीसियो. मालकाच्या हातांना हत्यारे बांधणारा, त्याच्या गुडघ्यांना कातडी पट्टे चढविणारा तो हाच. तो स्वतः कोरीवकाम जाणत होता आणि मालक त्याला मिळकतीत वाटा देत असे. म्हणजे माझ्या प्रवचनातील सर्वांत हृदयस्पर्शी दृश्यात, बांधलेल्या हातोडीच्या दृश्यात, दुसरा एक माणूस नेहमीच हजर होता. गाठ मारणारे हात कोणाचे, हे मी विचारले नाही. बोटे नसलेला माणूस स्वतःच्या हाताला हत्यार बांधू शकत नाही.

येथे आणखी एक बोचरी गोष्ट आहे. गुलाम स्त्रीचा मुलगा स्वतः गुलामांचा मालक झाला. त्या समाजात मुक्त झालेला माणूस पैसे मिळू लागताच हेच करी. मठ गुलाम बाळगीत, धर्मगुरू बाळगीत, बंधुसंघ बाळगीत. पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला तो १८३९ मध्ये. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ मध्ये. आणि १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गोरे बेटावर उभे राहून ह्या पापाची क्षमा मागितली. मावरीसियोच्या वाट्याला ह्यातले काहीच आले नाही. शिपायांच्या त्या ओबडधोबड चेहऱ्यांपैकी काही त्याचे असू शकतील. यशयाचे आखूड हातही. असतील तर मी त्यांना आता दोष म्हणताना दोनदा विचार करीन; दोष ते आहेतच, पण एखाद्या बिनपगारी माणसाच्या सहीची जागाही तीच असू शकते. आपल्या गोव्याच्या आणि वसईच्या जुन्या वेद्यांवरील लाकडी देवदूत ज्यांनी कोरले, त्या स्थानिक कारागिरांची नावे तरी आपण कोठे जपली?

एवढे झाल्यावर मूळ शिल्पकार लहान होतो का? मला तसे वाटत नाही. रोगाची कथा बाजूला ठेवली तरी दानिएल तेथे आहे. ओरो प्रेतोचे ते दार तेथे आहे. दगड खरबडला आहे, त्यावर शेवाळ धरते, यात्रेकरूंनी नावे कोरून ठेवली आहेत. १९८५ मध्ये युनेस्कोने ह्या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि मूर्ती आत हलवाव्यात की बाहेरच ठेवाव्यात ह्यावर वाद होत आले आहेत. मला विचाराल तर त्या बाहेरच असाव्यात. संदेष्ट्याला छप्पर शोभत नाही.

अखेरची दोन वर्षे तो अंथरुणाला खिळून होता. शेवटच्या कामाचे पैसे एका शिष्याकडून येणे होते, ते मिळाले नाहीत, अशी त्याची तक्रार होती. खोलीतील क्रूसमूर्तीला तो पुन्हापुन्हा विनवीत असे, की प्रभो, तुझे दिव्य चरण माझ्या अंगावर ठेव. हे सुनेचे सांगणे. १८ नोव्हेंबर १८१४ रोजी तो वारला. आंतोनियो दियास पेठेतील पवित्र मरियेच्या चर्चमध्ये, 'सुमरणा'च्या वेदीजवळ, त्याला पुरले. तेथील धर्मगुरूने मृतांच्या वहीत नोंद केली : अंतोनियो फ्रान्सिस्को लिझबोआ, मिश्रवर्णीय, अविवाहित, वय ७६, सर्व संस्कार मिळाले. शिल्पकार हा शब्द त्या नोंदीत नाही. अशा नोंदी मीही गेली कित्येक वर्षे करीत आलो आहे, आणि माझ्याही वहीत त्यासाठी रकाना नाही.